कोपरा चोळून बघणाऱ्या बाई

रूथबाई वाघचौरे यांच्या घराची पायरी मी पहिल्यांदा चढले तेव्हा दहा वर्षांची होते, आणि शेजारी वडील हातात पाकीट उघडून उभे होते. पाकिटाच्या प्लॅस्टिकच्या कप्प्यात, जिथे लोक देवाचा नाहीतर मुलाबाळांचा फोटो ठेवतात, तिथे वर्तमानपत्राचे एक पिवळे पडलेले कात्रण होते. कात्रणात एक परदेशी गृहस्थ पियानोपाशी बसलेले, शेजारी पांढऱ्या साडीतली एक तरुणी उभी, आणि ते गृहस्थ मान वर करून तिच्याकडे बघत होते. खाली छापले होते की जगप्रसिद्ध पियानोवादकांसमवेत नगरच्या कलावती रूथ वाघचौरे. बाईंनी दार उघडल्यावर वडिलांनी ते कात्रणच पुढे धरले.

“एवढ्या मोठ्या मानसानं तुमचं वाजवनं ऐकलंय म्हनल्यावर, बाई, आमी दुसरीकडं कशाला जावं?”

बाईंनी कात्रणाकडे ओझरते पाहिले आणि म्हणाल्या, “ते ठेवा आत. मुलीचे हात बघू.”

त्यांनी हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही, हे माझ्या लक्षात यायला पुढे पंधरा वर्षे लागली.

बाईंच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथात वयाने आणि अधिकाराने मोठी माणसे लिहीत आहेत. मी त्यांची विद्यार्थिनी आणि गेली चार वर्षे वर्गातली मदतनीस. लेखाचे आमंत्रण आले तेव्हा आनंदाआधी धास्ती वाटली, आणि तिचे कारण सांगायला हवे. आम्ही मूळचे मिरजगावचे. मला दम्याचा त्रास होता म्हणून चौथीपर्यंत आईनेच घरी शिकवले. आईची एक पद्धत होती. मी निबंध लिहिला की तो परत वाचायचा, आणि जे स्वतः पाहिले असेल त्या ओळीपुढे समासात बरोबरची खूण करायची, जे नुसते ऐकले असेल त्यापुढे प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्हे जास्त झाली की निबंध पुन्हा लिहायचा. ती सवय सुटलेली नाही. गौरवाचे लेख वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आपोआप प्रश्नचिन्हे उभी राहतात, आणि हा लेख लिहिताना माझ्या स्वतःच्या वाक्यांपुढेही राहत आहेत.

तेव्हा आधी पाहिलेले सांगते.

बाईंचे सावेडीतले घर बैठे आहे. पुढच्या खोलीत भिंतीवर त्याच कात्रणाची चौकट आणि तिच्याखाली उभ्या बांधणीचा जुना पियानो आहे, आणि त्याच्या पोटात खालची फळी काढून बाई उन्हाळाभर पाण्याचे वाडगे ठेवतात. नगरच्या कोरड्या हवेत लाकूड तडकते, सूर उतरतात. मार्च ते जून रोज सकाळी वाडग्यातले पाणी बघायचे, कमी झाले असेल तर भरायचे. हे काम बाई कुणावर सोपवत नाहीत. मी चार वर्षे मदतनीस आहे, पण वाडगे अजून त्यांच्याच हातात आहेत.

त्यांच्याकडे नवीन येणाऱ्याला पहिले तीन महिने पियानोला हात लावायला मिळत नाही. मोठी मुले वाजवत असताना डाव्या बाजूला उभे राहायचे आणि त्यांच्यासमोरच्या स्वरलिपीची पाने उलटायची, एवढेच काम. पानाची शेवटची ओळ आली की उजव्या बाजूचा वरचा कोपरा अंगठा आणि तर्जनीत धरायचा, चोळायचा, एकच पान आहे याची खात्री करायची, वाजवणाऱ्याने मान हलवली की उलटायचे. “चोळून बघितलंस?” हा प्रश्न आम्ही प्रत्येकाने शेकडो वेळा ऐकला आहे. बाईंच्या जुन्या विद्यार्थ्यांना ओळखायचे असेल तर त्यांना पंचायतीची पावती पुस्तके किंवा लग्नपत्रिकांचा गठ्ठा हाताळताना बघावे. सगळे आधी कोपरा चोळतात.

पालकांना हे पटत नसे. फी भरायची आणि मुलाने उभे राहायचे, हे कसले शिक्षण, असे एका आईने माझ्यासमोर विचारले होते. बाईंनी त्यांना शांतपणे सांगितले की या तीन महिन्यांत मूल नोटेशन वाचायला शिकते, आणि दुसऱ्याच्या वाजवण्यात आपण कुठे आहोत हे शिकते. ते कारण खरे आहे. पूर्ण मात्र नव्हते, हे आता कळते.

दुसरी पद्धत शनिवारची. दर शनिवारी बाई एकाच रचनेची दोन किंवा तीन ध्वनिमुद्रणे ऐकवतात. पूर्वी कॅसेट असत, आता मोबाईल असतो. नाव दिसू नये म्हणून मोबाईलवर उपासनेच्या गीतपुस्तकाचे क्रोशाचे कव्हर घालतात. आम्ही चिठ्ठीवर लिहायचे की कोणते अधिक भावले आणि नेमके कुठे. नुसते ‘छान’ लिहिले तर चिठ्ठी परत. वाजवणाऱ्यांची नावे पुढच्या शनिवारी कळतात. एक वादक जगभर गाजलेला असतो, दुसरा बहुतेक वेळा कुठल्यातरी गावातला, आपण नाव न ऐकलेला.

बाईंचा संशय असा की आपण पियानो ऐकतच नाही, आपण नाव ऐकतो. एखादा मोठा वादक एक रचना उचलतो, ती गाजते, मग प्रत्येक क्लासात, प्रत्येक स्नेहसंमेलनात तीच. त्याच संगीतकाराच्या वहीतल्या शेजारच्या दहा रचना तशाच पडून राहतात. तो जितक्या वेगाने वाजवतो तो वेग बरोबर ठरतो, आणि कागदावर संगीतकाराने स्वतः लिहून ठेवलेला वेग चुकीचा वाटू लागतो. प्रसिद्ध माणूस लोकांना दारापर्यंत आणतो हे बाईंना मान्य असते. पण मग आत काय आहे तेही तोच सांगतो, आणि लोक आत न बघताच परत जातात, ही त्यांची तक्रार.

मलाही बाईंचा संशय येई, हे इथेच लिहायला हवे. नाव झाकले तरी निवड तर त्याच करत होत्या. चांगला अनामिक आणि वाईट नामांकित असे शोधून ठेवले की उत्तर हवे ते येणार. दोन वर्षांपूर्वी याची परीक्षा झाली. चमकदार कोट घालणाऱ्या एका तरुण परदेशी वादकाचा व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला आणि जूनमध्ये वर्गात एकदम गर्दी झाली. सगळ्यांना तीच एक वेगवान रचना हवी होती. एक मुलगी तर त्याच्यासारखी मान मागे टाकून, डोळे मिटून सराव करू लागली. बाई तिला म्हणाल्या, “डोळे मिटलेस तर पान कोण बघणार, त्याची आई?”

त्या शनिवारी बाईंनी त्याच तरुणाचे, पण वेगळ्याच एका रचनेचे वादन कव्हराखाली ठेवले, सोबत एका वृद्ध बाईचे. आम्ही चिठ्ठ्या दिल्या. निम्म्याहून अधिक जणांनी, नाव माहीत नसताना, त्या तरुणालाच निवडले होते, आणि कारणेही नेमकी लिहिली होती. बाईंनी सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या, मग तेच वादन पुन्हा लावून मान खाली घालून ऐकले. म्हणाल्या, “चांगलं वाजवतो तो. माझंच आधी ठरलेलं होतं.” पंचाहत्तरीला आलेल्या शिक्षिकेने तिसरी-चौथीच्या मुलांपुढे हे म्हणणे मी स्वतः ऐकले आहे.

माझ्याबाबतीत मात्र त्या इतक्या चटकन बोलल्या नाहीत. पुण्याच्या परीक्षेसाठी एक संथ रचना मी बसवत होते. एका विख्यात वादकाचे मुद्रण मी घरी गुपचूप ऐकून पाठ केले होते, आणि तो जिथे किंचित थबकतो तिथे मीही थबकत होते. बाईंनी विचारले, “हे थांबणं कुणाचं?” मी म्हटले, माझेच. त्यांनी पुन्हा विचारले नाही. परीक्षेच्या दिवशी हॉलच्या बाहेर मला धाप लागली, तेव्हा बाईंनी आत जाऊन माझा क्रमांक शेवटी लावून घेतला आणि माझा हात आपल्या मांडीवर ठेवून त्यावर बोटाने ठेका धरला. चार मात्रा श्वास आत, चार बाहेर. जवळजवळ तासभर. परीक्षकांनी नंतर नेमके त्या थबकण्याचे कौतुक केले. परतीच्या एसटीत मी बाईंना खरे सांगितले. बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “मला माहीत होतं. तुला कधी सांगावंसं वाटतं ते बघत होते.” जरा वेळाने म्हणाल्या, “तू लवकर सांगितलंस.”

त्या शेवटच्या वाक्यातला ‘लवकर’ मला तेव्हा समजला नाही.

आता ऐकलेले. वडिलांच्या पाकिटातल्या त्या कात्रणाभोवती आमच्या शहरात एक कहाणी आहे. ती थोड्याफार फरकाने सगळ्यांना माहीत आहे. जगप्रसिद्ध पियानोवादक पुण्यात आले असता त्यांनी रूथबाईंचे वादन ऐकले, थक्क झाले, आपल्या देशी चला म्हणाले, आणि बाईंनी नगरच्या मुलांसाठी नकार दिला. सावेडीत, चर्चच्या आवारात, शाळांच्या संमेलनांत ही कहाणी मी इतक्यांदा ऐकली की समासात प्रश्नचिन्ह करायचेच विसरून गेले. आपल्या भागात पियानो शिकणे ही चांगल्या घरची गोष्ट मानली जाऊ लागली ती बरीचशी या कहाणीमुळे. मी स्वतः तिच्यामुळेच आले.

या ग्रंथाचे काम सुरू झाल्यावर समितीचे कार्यवाह सत्यवानकाका, जे निवृत्त मुख्याध्यापक आहेत आणि बाईंचे सर्वांत जुने विद्यार्थी, यांनी ठरवले की मुखपृष्ठावर तोच फोटो घ्यायचा आणि खाली त्या वादकाने केलेल्या गौरवाची ओळ टाकायची. बाईंच्या भाचीकडून मूळ छायाचित्र मिळाले. ते स्कॅन करून घ्यायला छापखान्यात मी गेले. पडद्यावर फोटो हवा तेवढा मोठा करता येतो. मी चेहरे बघत होते, साडीचा काठ बघत होते. मग बाईंचा डावा हात दिसला. तो पियानोच्या वर, पुस्तकाच्या पानावर होता. बोटांत कोपरा होता, आणि त्या कोपऱ्याच्या मागे, केसाएवढ्या अंतरावर, दुसरा कोपरा होता.

तीन महिने डावीकडे उभे राहून काढलेल्या कुणालाही हे सांगावे लागणार नाही. बाई तिथे वाजवायला गेल्या नव्हत्या. पाने उलटायला गेल्या होत्या, आणि त्यांनी दोन पाने एकदम उलटली होती.

मी सत्यवानकाकांना विचारले की गौरवाची ती ओळ त्यांनी कुठून घेतली. ते म्हणाले की सगळ्यांना माहीत आहे. मी पुन्हा विचारले तेव्हा वैतागले. “अगं, फोटो खोटा आहे का? नाही ना? मग तुझं काय जातंय?” जूनचे प्रवेश तोंडावर आहेत, आई-वडील तो फोटो बघूनच येतात, बाईंच्या पंचाहत्तरीला त्यांच्याच नावाला धक्का लावणारी मुलगी म्हणून लोक मला लक्षात ठेवतील, हेही त्यांनी सांगितले. त्यातले काहीच चूक नव्हते. बाई माझ्याशी पुन्हा बोलणार नाहीत ही माझी भीती तर त्यांनी बोलूनही दाखवली नव्हती.

शेवटी मी बाईंकडे गेले. त्या पियानोपाशी जमिनीवर बसून वाडग्यात पाणी ओतत होत्या. मी मोबाईलवरचा फोटो मोठा करून समोर धरला. त्यांनी चष्मा लावला, बघितले, फळी परत बसवली, मग म्हणाल्या, “पन्नास वर्षांत तू पहिली.”

मग त्यांनी जे सांगितले ते इथे देते. ते इथे यावे अशी त्यांचीच इच्छा आहे.

त्या तेव्हा पंचविशीच्या होत्या, नगरला शाळेत शिकवत आणि रविवारी चर्चमध्ये साथ करत. पुण्यात त्या वादकांना नोटेशन वाचू शकणारे कुणीतरी पाने उलटायला हवे होते. रचना त्यांनी नुकतीच बसवली होती, म्हणून समोर कागद होते. ओळखीच्या पाळकांनी बाईंचे नाव सुचवले. बाई एसटीने गेल्या. कार्यक्रम निम्म्यावर आला असताना त्यांच्या घामेजल्या बोटांना दोन पाने एकत्र चिकटली. वादकांच्या समोरून मधले पान नाहीसे झाले. त्यांनी मान वर करून बाईंकडे बघितले, त्याच क्षणी फोटो निघाला. बाई पान मागे घेईपर्यंत ते कागदावर नसलेलेच काहीतरी वाजवत राहिले.

“तो कौतुकानं बघतोय म्हणतात सगळे,” बाई म्हणाल्या. “तो विचारत होता, पान कुठं गेलं?”

यापुढचे बाईंना अधिक लागले आहे. दुसऱ्या दिवशीच्या परीक्षणात नेमक्या त्या जागेची स्तुती होती. तिथे म्हणे वादक रचनेच्या पलीकडे गेले. सभागृहात त्याच जागी माना डोलल्या होत्या, हे बाईंनी स्वतः उभ्या राहून पाहिले होते. तिथे कुणी नावाजलेले नसते, नगरची रूथ वाघचौरे असती, तर तीच जागा चूक ठरली असती. त्या दिवसापासून बाई नाव झाकून ऐकतात.

फोटोबद्दल मात्र त्या बोलल्या नाहीत. एकदा वार्ताहराला सांगून पाहिले. तो म्हणाला की बाई, लोकांना आवडलेय, राहू द्या. तोवर त्यांच्याकडे दोन मुले शिकत होती. त्या जूनमध्ये अकरा आली. बाई रोज ठरवायच्या की उद्या सांगू, आणि उद्या कुणीतरी नवे मूल दारात उभे असायचे. ज्या नावावर त्यांचा विश्वास नव्हता त्याच नावाने त्यांचा वर्ग भरला. “मी दुसऱ्यांच्या नावांवर कव्हर घालत बसले,” त्या म्हणाल्या, “आणि माझ्या भिंतीवर तोच फोटो.”

मी म्हटले की मी लेखात यातले काहीच लिहिणार नाही. बाईंना ते आवडले नाही. “तुझ्या आईनं तुला काय शिकवलंय? सगळं लिही. आणि तुझा लेख आहे, माझा नाही. वाईट वाटलं तर तेही लिही.”

वाईट वाटले. मला वाटत होते की मी पियानोवर प्रेम करते, आणि त्या प्रेमाच्या मुळाशी चुकून उलटलेले एक पान निघाले. नंतर मी त्याच संध्याकाळी वाजवायला बसले, ती पुण्याची संथ रचना, आणि त्या उसन्या जागी न थांबता पुढे गेले. ठीक वाटले. याहून अधिक खात्रीने मला सांगता येत नाही.

सत्यवानकाकांना बाईंनी स्वतः बोलावून सांगितले. त्यांनी आपल्याच अंगठ्याकडे आणि तर्जनीकडे पाहिले. मग म्हणाले, “म्हणजे मी आयुष्यभर कोपरे चोळतोय ते यामुळं?” आणि बाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. मुखपृष्ठावर फोटो तोच आहे. ओळ बदलली आहे. आता तिथे लिहिले आहे: रूथ वाघचौरे, पाने उलटताना. जूनमध्ये किती मुले येतील ते ठाऊक नाही. बाईंनी वर्गातल्या फोटोखालीही हीच ओळ लावायला सांगितली आहे, ती मी कालच लावली.

घरी वडिलांना सांगणे राहिले होते. ते सगळे ऐकून घेऊन त्यांनी पाकीट काढले, कात्रण उजेडात धरले. “यात काय दिसत न्हाई,” म्हणाले. मी मोबाईलवर दाखवले. त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, अजून मोठा केला. “दोन हायेत,” म्हणाले. मला वाटले आता कात्रण टाकतील. त्यांनी ते घडी मोडू न देता परत कप्प्यात सरकवले. “ऱ्हाऊ दे. ह्याच्यामुळंच आपुन बाईंकडं गेल्तो.”

बाईंचे मोठेपण कुणा थोर वादकाने ओळखले होते, हे या ग्रंथात कुठेही लिहिलेले आढळणार नाही. ते आम्ही ओळखले आहे, बऱ्याच उशिरा, आणि डावीकडे उभे राहून. आपली चूक लपवली त्या दिवसापासून दुसऱ्या कुणाच्या हातून ती होऊ नये म्हणून पन्नास वर्षे शेकडो मुलांची बोटे ज्यांनी घडवली, त्यांना काय शुभेच्छा द्यायच्या याचा मी पुष्कळ विचार केला.

बाई, पियानोच्या पोटातले वाडगे पुढच्या मार्चमध्येही, आणि त्यापुढच्या अनेक मार्चमध्येही, तुमच्याच हाताने भरलेले आम्हाला बघायचे आहेत. तुमची बोटे आणि डोळे असेच शाबूत राहोत. पुढची वर्षे पुष्कळ असोत, आणि ती एकेक करून यावीत. प्रत्येकाचा कोपरा नीट चोळून बघा. दोन एकदम उलटू नका. आम्हाला त्यांतले एकही गमवायचे नाही.